चोरी कोणाची होते, तेही पडद्यावर दिसायला हवे

दरोड्याचे चित्रपट मला मनापासून आवडतात आणि ही आवड माझ्या नोकरीशी मुळीच जुळणारी नाही. माझी बरीच वर्षे एका सहकारी बँकेच्या सोनेतारण विभागात गेली. आमच्या स्ट्राँगरूमची एक किल्ली शाखाधिकाऱ्यांकडे आणि दुसरी माझ्याकडे असे. दोघांनी मिळून उघडल्याशिवाय ते दार हलत नसे. तरीही तसलेच एखादे दार पडद्यावर कोणी फोडू लागले, की मी चोरांच्या बाजूने श्वास रोखून बसते. असे का होत असावे, याचा मी अनेक वर्षे विचार करत आले आहे आणि आता माझे मत बरेचसे पक्के झाले आहे.

ज्यूल्स दासँ यांच्या १९५५ च्या 'रिफिफी' या फ्रेंच चित्रपटात चार माणसे पॅरिसमधल्या एका सराफी दुकानात वरच्या मजल्याची जमीन फोडून उतरतात. जवळजवळ अर्धा तास चालणाऱ्या त्या प्रसंगात एकही संवाद नाही आणि पार्श्वसंगीतही नाही. जमिनीला पहिले भोक पडताच ते त्यातून एक मिटलेली छत्री खाली सोडतात आणि खालच्या बाजूला उघडतात, म्हणजे भोक मोठे करताना निघणारे ढलपे छत्रीत पडावेत आणि आवाज होऊ नये. धोक्याच्या घंटेत आग विझवण्याच्या नळकांड्यातला फेस भरून तिचे तोंड बंद करतात. कोणी कोणाला काही विचारत नाही, कारण कोणते अवजार कधी पुढे करायचे हे प्रत्येकाला ठाऊक आहे. शेवटी किती रुपयांचे हिरे हाती लागले, हे माझ्या लक्षात राहिलेले नाही. ती छत्री मात्र मी विसरू शकत नाही. या चित्रपटांची खरी मोहिनी पैशात नसून कामात आहे, असे मला वाटते ते यामुळेच. चोख आखलेले, एकमेकांवर विश्वास टाकून केलेले आणि वेळेत तडीस गेलेले काम पाहायला माणसाला आवडते, कारण रोजच्या आयुष्यात तसे काम वाट्याला फार थोडे येते. या आनंदाची लाज वाटण्याचे मला काही कारण दिसत नाही.

नीतीचा प्रश्न येतो तो त्यानंतर, आणि माझ्या मते तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी विचारला जातो. अमेरिकेतल्या चित्रपट व्यवसायाने १९३० मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता लिहिली आणि १९३४ पासून ती कडकपणे पाळली. चोरीची वा तिजोरी फोडण्याची पद्धत तपशिलाने दाखवू नये, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटू देऊ नये, असा तिचा दंडक होता. परिणामी दरोडा कितीही देखणा असला, तरी शेवटच्या काही मिनिटांत चोर मरत, पकडले जात किंवा कमाई गमावून बसत. स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या १९५६ च्या 'द किलिंग'मध्ये विमानतळावर सुटकेस पडून उघडते आणि विमानाच्या पंख्याच्या वाऱ्याने सगळ्या नोटा उधळल्या जातात. प्रसंग म्हणून तो अप्रतिम आहे, परंतु त्यातून नीती साधली जाते असे मला वाटत नाही. प्रेक्षकाने दीड तास चोरांबरोबर काढलेला असतो. अखेरच्या शिक्षेने तो त्यांच्यापासून तुटत नाही, उलट त्याला त्यांच्यासाठी हळहळ वाटते.

मला खटकते ते वेगळेच. डिसेंबर २००७ च्या अखेरीस केरळात, मलप्पुरम जिल्ह्यातल्या चेलेम्ब्रा येथे एका ग्रामीण बँकेत चोरी झाली. चोरांनी बँकेच्या खालची जागा उपाहारगृहासाठी भाड्याने घेतली, नूतनीकरणाच्या नावाखाली ती बंद ठेवली आणि छताला भोक पाडून थेट वरच्या स्ट्राँगरूममध्ये प्रवेश केला. पॅरिसमध्ये वरून खाली, इथे खालून वर, एवढाच काय तो फरक. सुमारे ८० किलो सोने आणि ५० लाख रुपये त्यांनी नेले. 'धूम' चित्रपटावरून ही कल्पना सुचल्याचे तपासात पुढे आले आणि चोर दोन महिन्यांत पकडले गेले, म्हणून ही घटना रंजक किस्सा म्हणून आजही सांगितली जाते. मी मात्र ती बातमी वाचली तेव्हा ८० किलो या आकड्यापाशीच थांबले. ग्रामीण बँकेत ८० किलो सोने असते ते कोणाचे असते?

आमच्याकडे पेरणीच्या तोंडावर बायका यायच्या. पदराच्या गाठीतून बोरमाळ, पाटल्या, ठुशी निघायची. मंगळसूत्र असेल तर काळे मणी पोतीसकट ठेवून घ्यायचे आणि फक्त वाट्या द्यायच्या, अशी त्यांची रीत. सराफ कसोटीवर दागिना घासून वजन करायचे, मी पावती लिहायचे, पाकिटावर सील लागायचे. सुगीनंतर पैसे भरून दागिना सोडवायला आलेली बाई पावती बाजूला ठेवून आधी बोरमाळेचे मणी बोटांनी एकेक करून मोजायची, आणि मोजून होईपर्यंत मीही गप्प बसायचे. चोरी झाली तर विमा सोन्याच्या वजनाचे पैसे देईल; आईने दिलेली तीच बोरमाळ कुठून देणार?

दरोड्याच्या चित्रपटाला ही बाई परवडत नाही. म्हणून तो लुटण्यासाठी जुगारखान्याचा मालक निवडतो, नाहीतर ज्याला तक्रारच करता येणार नाही असा काळ्या पैशाचा धनी. २०१३ च्या 'स्पेशल छब्बीस'मधले तोतया अधिकारी मंत्र्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांवर छापे घालतात तेव्हा आपण निश्चिंत मनाने टाळ्या वाजवू शकतो. ही निवड मला शेवटच्या शिक्षेपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते, कारण आपल्या विवेकाची सोय तिथे अगोदरच लावलेली असते.

त्या चित्रपटामागची खरी घटना मुंबईची आहे. मार्च १९८७ मध्ये एका माणसाने वर्तमानपत्रात गुप्तचर अधिकाऱ्यांच्या नोकरीची जाहिरात दिली, ताज हॉटेलात मुलाखती घेतल्या, २६ जण निवडले आणि १९ मार्चला त्यांना घेऊन ऑपेरा हाऊस येथील त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या दुकानावर सीबीआयचा छापा म्हणून धाड घातली. ३० लाखांहून अधिक किमतीचे दागिने घेऊन तो निघून गेला आणि आजवर सापडला नाही. सगळे त्याच्या हुशारीबद्दल बोलतात, आणि हुशारी होतीच. मला मात्र त्या सव्वीस जणांवर चित्रपट पाहायचा आहे. जाहिरात वाचून अर्ज घेऊन गेलेले, ताजच्या दारातून बहुधा पहिल्यांदाच आत शिरलेले, सरकारी नोकरी लागली असे मानून छाप्याला निघालेले ते लोक. तो माणूस दागिने घेऊन गेल्यानंतरच्या वेळेपासून तो चित्रपट सुरू व्हावा. साहेब परत येईपर्यंत दुकानावर लक्ष ठेवायचे, एवढाच त्यांना हुकूम होता, आणि ते तो इमानाने पाळत उभे होते.