तत्त्वासाठी किमान उत्पन्न

ऑस्ट्रेलियात बस्तान बसलंय, पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) हातात आहे, घरात तान्हं मूल आहे आणि व्हॉट्सॲपच्या कृपेने लशींमागचं सगळं कारस्थान तुम्हाला कळून चुकलंय. अभिनंदन! पोराला सुई टोचू द्यायची नाही, हा तुमचा निर्धार पक्का असेल तर पहिलं काम करा: नवराबायकोच्या पगाराच्या स्लिपा काढा आणि बेरीज करा.

कारण इथे 1 जानेवारी 2016 पासून 'नो जॅब, नो पे', म्हणजे लस नाही तर पैसे नाहीत, हा नियम लागू आहे. मुलाच्या वयाप्रमाणे लशी झालेल्या नसतील तर पाळणाघराच्या फीवरची सरकारी मदत बंद आणि मुलांमागे मिळणाऱ्या 'फॅमिली टॅक्स बेनिफिट पार्ट ए' या सरकारी भत्त्यालाही कात्री. टोनी ॲबट पंतप्रधान असताना 2015 च्या एप्रिलमध्ये घोषणा झाली. अंमलबजावणीआधीच त्यांची खुर्ची गेली, कायदा मात्र झालाच. पुढे 2018 मध्ये पाळणाघराच्या मदतीचं नाव 'चाइल्ड केअर सबसिडी' झालं, अट तीच राहिली.

आता ही सबसिडी मिळकत वाढेल तशी घटते. 2023 च्या जुलैत ठरलं त्याप्रमाणे वर्षाला 80 हजार डॉलरपर्यंत मिळकतीच्या कुटुंबाला ठरावीक दराच्या 90 टक्के, आणि 5 लाख 30 हजारांच्या आसपास पोचलात की शून्य. मर्यादा दरवर्षी थोडी वर सरकते, तेव्हा बेरीज सढळ हाताने करा. त्या रेषेच्या पलीकडे असाल तर तुमच्यासारखा तत्त्वनिष्ठ माणूस शोधून सापडणार नाही. तुम्हाला मिळतच नाही काही, तर कापणार काय? तात्पुरत्या व्हिसावरच्या बहुतेकांनाही हे सुख आहे, त्यांनाही सबसिडी नाही. फक्त ते ती फी खिशातून भरताना तत्त्वाचा विचार करत नाहीत, एवढंच.

रेषेच्या अलीकडे असाल तर जरा अवघड आहे. 2015 संपेपर्यंत काळ कसा सोन्यासारखा होता! डॉक्टरसमोर बसायचं, ते चार शब्द सांगतील ते ऐकून घ्यायचे, आक्षेपाच्या फॉर्मवर त्यांची सही घ्यायची, आणि सदसद्विवेकबुद्धीही शाबूत, सरकारी पैसेही चालू. तो फॉर्म गेला. धर्माचा आधार घ्यावा म्हणाल तर देशभरात एकाच ख्रिस्ती पंथाला सवलत होती, तीही गेली. आता नवा पंथ काढून उपयोग नाही.

राहिली वैद्यकीय सूट. तिच्यासाठी आधीच्या डोसने किंवा लशीतल्या एखाद्या घटकाने जिवावर बेतणारी ॲलर्जी झालेली असावी लागते किंवा प्रतिकारशक्ती खरोखरच कोसळलेली असावी लागते. 'आमच्याकडे लहानपणापासून सर्दीचा कोठा आहे' हे कारण चालत नाही, अगदी आजीने फोनवर येऊन सांगितलं तरी. गोवराच्या लशीने ऑटिझम होतो म्हणणारा 1998 चा तो शोधनिबंध 'लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला, हे डॉक्टर सांगतीलच. तुम्ही ठामपणे म्हणा, मागे घेतला त्या अर्थी त्यात काहीतरी तथ्य असणारच.

'आपल्याकडे असं नव्हतं हो' असा उसासा मात्र टाकू नका. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाचा दोन हजारांचा दुसरा हप्ता चौदा आठवड्यांपर्यंतच्या लशी झाल्याशिवाय निघत नाही. आपली अंगणवाडीताई इथे भत्ते वाटणाऱ्या सेंट्रलिंक या सरकारी खात्यापेक्षा काही कमी नाही, आणि ती तुम्हाला फोनवर ताटकळत ठेवून संगीत ऐकवत नाही.

याच कायद्यात अडकणारा दुसरा एक वर्ग आहे. हे लोक लशींच्या विरोधात अजिबात नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून शिकण्यासारखं काही नाही, पण बघून घ्या. पोर पुण्यात जन्मलं, सगळ्या लशी वेळच्या वेळी झाल्या, दंडावर बीसीजीचा व्रण ठसठशीत. पण सरकार दंड बघत नाही, लशींच्या नोंदींचं ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टर बघतं, आणि तिथे पाटी कोरी. फाइल आहे आजीच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली. आजी फोटो पाठवते, त्यात पेंटाव्हॅलंटच्या (पाच रोगांवरच्या एकत्रित लशीच्या) तारखेवर नेमका तिचा अंगठा. पुन्हा मागवला की तारीख दिसते, पण डॉक्टरांची सही आडवी जाऊन महिना 1 आहे की 7 ते कळत नाही. एवढं करून नर्सने नोंदी चढवल्या तरी आपल्या सरकारी वेळापत्रकातला नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस इथे धरत नाहीत, वयाने लवकर झाला म्हणून. शिवाय त्यात गालगुंडाची लस नाही. मग राहिलेले डोस फुकटात द्यायला क्लिनिक तयार असतं, पण लशी अपुऱ्या असल्याचं सरकारी पत्र आल्यापासूनचे मुदतीचे 63 दिवस असे अंगठ्याखाली गेलेले असतात. सबसिडी थांबते ती या आईबापांची. त्यांना ना तत्त्व होतं ना कारस्थान, फक्त फाइल चुकीच्या खंडात होती.

फॅमिली टॅक्स बेनिफिटमधून पंधरवड्याला प्रत्येक मुलामागे सुमारे 28 डॉलर कापले जाऊ लागले ते 2018 मध्ये. ज्या एकट्या आईचा आठवडा त्या पैशांवर हलतो, ती मुकाट्याने रांगेत उभी राहते. ठरवून नकार देणाऱ्या धनाढ्याचं काय होतं, ते पाहायला न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर बायरन बे आणि मलमबिंबीकडे जा. लसीकरणात हा पट्टा वर्षानुवर्षं मागे. समुद्र छान, कॉफी छान, सेंद्रिय भाजी छान.

अर्थात श्रीमंतांनाही राज्य सरकार सुखाने जगू देत नाही. व्हिक्टोरियात 2016 पासून आणि न्यू साउथ वेल्समध्ये 2018 पासून लशी अपुऱ्या असलेल्या मुलाला पाळणाघरात प्रवेशच मिळत नाही, फी रोख मोजायची तयारी असली तरी. (प्राथमिक शाळेला ही अट नाही, तेव्हा पाच वर्षं कळ काढा.) यावर उपाय एकच, घरी आया ठेवा. खर्च दणदणीत येईल, पण तत्त्वाला मोल नसतं.

आणि तिची मुलाखत घेताना तिच्या स्वतःच्या लशी पूर्ण आहेत का, हे आवर्जून विचारा. डांग्या खोकल्याची तर नक्की बघा. घरात तान्हं मूल आहे, भलत्यासलत्या माणसाला आत घेऊन कसं चालेल?