पाच डॉलरचा बँड आणि धोबीतलावचं रंगभवन

शिमगा सरला तरी कवित्व उरतं, तसं आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडचं झालंय. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन कार्यक्रम झाले. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती आणि विक्री सुरू होताच बघता बघता संपली. मग काळ्या बाजारात लाखांचे आकडे ऐकू यायला लागले आणि प्रकरण आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत गेलं. यावर वाद सुरू झाला की तो दर वेळी एकाच स्टेशनला येऊन थांबतो: "आपल्या वेळचं रंगभवन काय होतं राव! आताच्या पोरांना काय कळणार!" पाठोपाठ कुणीतरी 'जुना बँड परत आणा'ची तान घेतोच.

नव्या वाचकांसाठी सांगतो. रंगभवन म्हणजे धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारचं खुलं नाट्यगृह. १९७८ पासून तिथे जॅझ यात्रा हा जॅझ संगीताचा महोत्सव रंगला आणि १९८६ पासून रॉक बँडांचा महोत्सव इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे आमचं आय-रॉक. रॉक मशीन हा त्या काळचा लाडका बँड. १९९३ ला त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं आणि १९९७ ला गाशा गुंडाळला. आता गंमत बघा, हा बँड २०१० मध्ये खरोखरच परत आला आणि दोन वर्षांनी नवा अल्बमही काढला. आमच्या ग्रुपवरच्या 'परत आणा'वाल्यांना मी विचारलं की तुमच्यापैकी कितीजण बघायला गेला होता? एकाने ऑफिसचं कारण सांगितलं, दुसऱ्याने ट्रॅफिकचं. तिसरा म्हणाला, "जुनी गाणी कमी आणि नवीनच जास्त वाजवणार असतील तर कशाला जायचं?"

हे सगळं मी व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये बसून वाचत असतो. पोटोमॅक नदी ओलांडली की वॉशिंग्टन. या गावालाही एका बंद पडलेल्या बँडचं वेड आहे. त्याचं नाव फुगाझी, पंक म्हणजे रॉकचाच खडबडीत, बंडखोर प्रकार वाजवणारा. इयन मकाय, गी पिचोटो, जो लॅली आणि ब्रेंडन कँटी ही चौकडी. १९८७ मध्ये पहिला कार्यक्रम आणि नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनला शेवटचा. भांडण नाही, निरोपाचा सोहळा नाही, 'सध्या थांबतोय' एवढंच. ते 'सध्या' अजून चालू आहे.

फुगाझीचं तिकीट साधारण पाच डॉलर असायचं. आजच्या भावाने धरलं तर तेरा-चौदा डॉलर, म्हणजे इथे एका माणसाच्या साध्या जेवणाचे पैसे. स्वस्त तिकीट ही 'त्या काळाची' देणगी होती असं आपण समजतो, तसं ते नव्हतं. त्याच काळात बाकीचे बँड भरपूर पैसे घेत होते. फुगाझीने खर्चच कापला होता. मॅनेजर नाही, कार्यक्रम स्वतः ठरवायचे, व्हॅन स्वतः हाकायची, मुक्काम जमेल तेव्हा ओळखीपाळखीच्यांकडे. रेकॉर्ड कंपनी मकाय आणि त्याच्या मित्राने १९८० मध्ये काढलेली, डिसकॉर्ड. तिच्या रेकॉर्डच्या वेष्टनावरच किंमत छापलेली असायची, आपल्या एमआरपीसारखी, म्हणजे दुकानदाराला वर लावायला वाव नको. बँडच्या नावाचे टी-शर्ट त्यांनी विकले नाहीत. आणि कार्यक्रमात कुणी आडदांडपणे शेजाऱ्यांच्या अंगावर पडायला लागला तर गाणं थांबवून त्याला बाहेर काढायचे आणि पाकिटात घालून त्याचे पाच डॉलर परत द्यायचे. मला या बँडची सगळी गाणी आवडतात असं नाही, काही तर डोकं उठवतात. पण हे पाकिटाचं प्रकरण मला भारी वाटतं.

इथेही रीयुनियनची आवई अधूनमधून उठते आणि विरते. ज्यांनी हा बँड समोर बसून ऐकला त्यांच्यापेक्षा ऐकल्याचं सांगणारे जास्त आहेत, हे तर आय-रॉकसारखंच. फरक दिसतो तो पुढे. फुगाझीने हजारावर कार्यक्रम केले आणि त्यातले आठशेच्या वर त्यांच्याच माणसांनी टेप केले होते, आधी कॅसेटवर, मग डिजिटल फितींवर. २०११ च्या डिसेंबरपासून ते टप्प्याटप्प्याने ऑनलाइन यायला लागले. सुचवलेली किंमत पुन्हा पाच डॉलर, पण एक डॉलर दिला तरी चालतं. चाहत्यांनी मग फोटो, हस्तपत्रकं आणि आठवणी पुरवल्या. बेसूर गाणी, बंद पडलेला अँप्लिफायर, प्रेक्षकांशी झालेली वादावादी, सगळं त्यात आहे.

शहरानेही हात लावला. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक वाचनालयाने २०१४ मध्ये पंक संगीताचं दफ्तर उघडलं. त्यात रेकॉर्ड, पोस्टर आणि झेरॉक्सवर काढलेली नियतकालिकं सरकारी पैशाने जपली जातात. फोर्ट रिनो नावाच्या बागेत उन्हाळ्यात संध्याकाळी फुकट कार्यक्रम होतात. फुगाझीही तिथे बरेचदा वाजवून गेलाय. लोक सतरंज्या पसरून बसतात. दारू नाही, काचेची बाटली नाही. लहान पोरांच्या कानांवर मोठाले इअरमफ आणि मागे विटलेल्या काळ्या टी-शर्टातले पिकल्या दाढ्यांचे बाप. बागेला लागून शाळा आहे, पण तिला तेव्हा सुट्टी असते आणि रात्र चढायच्या आत आवराआवर होते. २०१४ मध्ये पोलीस बंदोबस्ताचा खर्च आयोजकांच्या माथी मारण्यावरून हे कार्यक्रम रद्द झाल्याची घोषणा झाली. लोकांनी ओरड केली, इथल्या लोकप्रतिनिधी मध्ये पडल्या आणि कार्यक्रम वाचले.

रंगभवनाचं गाडं अशाच ठिकाणी अडलं होतं. शेजारी कॉलेज, जवळ कामा हॉस्पिटल. तेव्हाच्या नियमाप्रमाणे इस्पितळ, शाळा आणि न्यायालयाभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र. त्यामुळे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच तिथलं मोठ्या आवाजाचं संगीत बंद झालं. मी हॉस्पिटलच्या बाजूचा आहे. बाळंतिणीला डबल बेस ड्रम ऐकवायचा हक्क कुणालाच नाही. पण मग दुसरी परवडणारी जागा द्या, यासाठी आम्ही पंचवीस वर्षांत साधा अर्ज तरी केला का? माझ्या माहितीत तरी नाही. आम्ही फक्त हळहळलो. स्टेडियम भरणाऱ्यांना जागा मिळते, कारण त्यांच्याकडे पैसा आहे. कॉलेजात नवा बँड काढणाऱ्या पोरांनी कुठे वाजवायचं?

इथे सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये. वॉशिंग्टनची भाडी अशी चढलीत की आज वीस वर्षांच्या चार पोरांनी एक घर घेऊन त्यात बँड आणि रेकॉर्ड कंपनी चालवणं अवघडच आहे. मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं इथेही शेकडो डॉलरना जातात. आणि घराच्या बेसमेंटमध्ये, म्हणजे तळघरात, बँड वाजवायचं कौतुक मला सांगू नका, मुंबईत ज्याच्याकडे जास्तीची खोली नाही त्याला ते ऐकून फक्त चीड येते.

पण फिती गोळा करायला बेसमेंट लागत नाही. रंगभवनाच्या जागी मराठी भाषा भवन उभारायचं घाटत होतं, ते शेवटी चर्नी रोडला गेलं आणि २०२२ च्या गुढीपाडव्याला भूमिपूजन झालं. तिथल्या एखाद्या कपाटात आय-रॉकच्या कॅसेट ठेवा म्हटलं तर "इंग्रजी गाण्यांचा मराठीशी काय संबंध?" असं ऐकावं लागेल. समोर उभी असलेली निम्मी पोरं गिरगाव, दादर, डोंबिवलीची होती, एवढा संबंध मला पुरतो. पण सरकारची वाट तरी कशाला बघायची?

आमच्याच ग्रुपातल्या मुलुंडच्या मित्राकडे बुटाच्या खोक्यात नव्वद मिनिटांच्या कॅसेट आहेत, घरच्या टेपरेकॉर्डरवर गर्दीतून भरलेल्या. एकीवर बॉलपेनने लिहिलंय, 'रंगभवन, साइड बी खराब'. दोनतीन कॅसेटना बुरशी धरलीय, पण फीत अखंड आहे. डिसेंबरमध्ये मी येतोय. चालू स्थितीतला कॅसेट डेक कुणाकडे असेल तर कळवा. रबरी बेल्ट गेला असला तरी हरकत नाही, तो मी इथून आणतो.