आपल्या अभिप्रायास उत्तर : कोडीवरील ॲड-ऑन, यूट्यूब आणि रिमोट

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्याकडून बसवून घेतलेल्या कोडी मीडिया सेंटरबद्दल (टीव्हीला जोडलेल्या छोट्या पेटीवर चालणारे, व्हिडिओ आणि गाणी लावणारे सॉफ्टवेअर) आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि आपल्या घरी आलेल्या आमच्या तंत्रज्ञालाही वाचायला दिला. आपल्या तक्रारी थोडक्यात अशा आहेत : रिमोट टीव्हीच्या बाजूला जाऊन धरल्याशिवाय चालत नाही, फोनवरच्या ॲपला पेटी सापडत नाही, यूट्यूब रात्री बंद पडते ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुरू होत नाही, चित्रपटांचा विभाग रिकामा आहे आणि शेजाऱ्यांच्या पेटीतले ‘सगळे चित्रपट’ दाखवणारे ॲड-ऑन (कोडीत वरून घालायचा जोड-प्रोग्राम) आम्ही घालून दिले नाही, शिवाय फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरचे आम्ही 1,500 रुपये घेतले. यांपैकी रिमोट, फोन आणि यूट्यूब या तिन्ही बाबतींत आपले म्हणणे खरे आहे व चूक आमची आहे. त्या ॲड-ऑनबाबत मात्र आम्ही दिलेला नकार कायम आहे, आणि त्याची कारणे आपल्याला नीट कळावीत असे मला वाटते.

रिमोटपासून सुरुवात करतो, कारण आपल्या मातोश्रींना खुर्चीतून उठून टीव्हीच्या कडेला जावे लागते हे वाचून मला खरोखर वाईट वाटले. आम्ही दिलेला रिमोट इन्फ्रारेड प्रकारचा आहे. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नसला तरी तो प्रकाशच असतो, त्यामुळे रिमोट आणि रिसीव्हर यांच्यामध्ये आडोसा आला की तो पोहोचत नाही. आमच्या तंत्रज्ञाने वायरी दिसू नयेत म्हणून रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकाची पेटी टीव्हीच्या पाठीमागे चिकटवली आणि रिसीव्हरही तिथेच, पेटीच्या यूएसबी पोर्टमध्ये लावून ठेवला. भिंत नीटनेटकी दिसली, पण रिमोट निरुपयोगी झाला. यूएसबीची एक लांब वायर जोडून रिसीव्हर टीव्हीच्या खालच्या कडेला आणला असता तरी हा त्रास झाला नसता.

मात्र आपल्या घरी त्याहून चांगला उपाय उपलब्ध होता आणि तो आम्ही आधीच करायला हवा होता. एचडीएमआयच्या वायरीतून चित्र आणि आवाज जातात, त्याचबरोबर सीईसी नावाचा एक संदेशमार्गही जातो. टीव्हीच्या स्वतःच्या रिमोटवर दाबलेले बाण, ओके आणि बॅक या बटणांचे संदेश टीव्ही त्याच मार्गाने पेटीला पाठवू शकतो, आणि कोडी ते समजून घेते. म्हणजे मातोश्रींनी एकच, रोजच्या सवयीचा रिमोट वापरायचा; पेटी कुठे ठेवली आहे याच्याशी त्याचा संबंध राहत नाही. ही सोय सॅमसंगच्या टीव्हीत एनीनेट प्लस, एलजीच्या टीव्हीत सिम्पलिंक, तर सोनीच्या टीव्हीत ब्राव्हिया सिंक या नावाने असते. सीईसी हे नाव सेटिंगमध्ये अनेकदा दिसतच नाही, त्यामुळे ती बंद राहून गेल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या टीव्हीवरही ती बंदच आहे, हे आपण पाठवलेल्या छायाचित्रावरून मला दिसले. दुसरे असे, की पाय 4 ला एचडीएमआयचे दोन छोटे पोर्ट असतात आणि त्यांपैकी पॉवरच्या सॉकेटलगतचा पोर्ट वापरणे योग्य असते. आमच्या माणसाने दुसरा वापरला आहे. चित्र त्यावरही येते, म्हणून ही चूक बसवताना लक्षात आली नाही.

सीईसीची एक मर्यादाही सांगून ठेवतो. टीव्ही आपल्या रिमोटवरची सगळीच बटणे पुढे पाठवत नाही, आणि कोणती पाठवायची हे कंपनीगणिक व मॉडेलगणिक बदलते. कोडीत एखाद्या व्हिडिओवर उभे राहून अधिक पर्याय उघडणारे बटण वारंवार लागते आणि नेमके तेच बऱ्याच टीव्हींच्या रिमोटवर नसते. त्यासाठी कोडीच्या अधिकृत रिपॉझिटरीत, म्हणजे ॲड-ऑनच्या संग्रहात, कीमॅप एडिटर नावाचे ॲड-ऑन आहे. आपला टीव्ही लाल किंवा पिवळे बटण पुढे पाठवत असेल, तर ते काम त्या बटणावर नेमून देता येते. हे आम्ही करून देऊ.

बंद केलेली पेटी रिमोटने पुन्हा चालू होत नाही असेही आपण लिहिले आहे. तो बिघाड नाही. पाय 4 पूर्ण बंद केल्यावर रिमोटचा संदेश ऐकणारे त्यात काही जागे राहत नाही, म्हणून वीज बंद करून पुन्हा द्यावी लागते. पेटी काही करत नसताना जेमतेम 3 ते 4 वॅट वीज घेते, म्हणून फक्त टीव्ही बंद करावा आणि पेटी तशीच राहू द्यावी. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगणे आमचे काम होते.

फोनवरच्या कोरे या ॲपबद्दल : अँड्रॉइडवरचे हे कोडीचे अधिकृत रिमोट ॲप आहे आणि ते घरातल्याच नेटवर्कवरून पेटीशी बोलते. त्यासाठी कोडीच्या सेटिंगमध्ये सर्व्हिसेस या भागातील कंट्रोल या पानावर एचटीटीपीद्वारे नियंत्रणाची परवानगी द्यावी लागते आणि स्वतःचा पासवर्ड ठेवावा लागतो. पोर्ट सहसा 8080 असतो. ही परवानगी मुळात बंद असते आणि आम्ही ती चालू केली नव्हती. आपल्याकडे राउटरचे दुसरे, पाहुण्यांसाठीचे वाय-फाय नावही आहे. फोन त्याला जोडलेला असेल, तर परवानगी दिल्यावरही पेटी सापडणार नाही, कारण असे नेटवर्क बहुधा घरातल्या इतर उपकरणांपासून वेगळे ठेवलेले असते.

आता यूट्यूब. आपण वेळेचे निरीक्षण इतके अचूक नोंदवले आहे, की त्यावरूनच मला कारण सापडले. कोडीवरील यूट्यूब ॲड-ऑन वापरण्यासाठी गूगलकडून स्वतःच्या नावाने एपीआय की (ॲड-ऑनला यूट्यूबकडे माहिती मागू देणारा ओळख-संकेत) घ्यावी लागते. अशी की गूगलवरच्या ज्या प्रकल्पाखाली निघते, त्या प्रत्येक प्रकल्पाला दिवसाला साधारणपणे 10,000 युनिटांची मर्यादा असते आणि एका शोधाला त्यातली 100 युनिटे लागतात. ही मर्यादा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मध्यरात्री नव्याने सुरू होते, म्हणजे ऋतूनुसार आपल्याकडे दुपारी साडेबारा किंवा दीड वाजता. एका घराला एवढी मर्यादा पुष्कळ होते. परंतु आम्ही वेळ वाचवण्यासाठी दुकानाची एकच की अनेक ग्राहकांच्या पेट्यांमध्ये घातली होती. त्या सगळ्यांचे शोध एकाच खात्यावर पडत गेले, रात्रीपर्यंत मर्यादा संपली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ॲड-ऑन आपोआप सुरू झाले. ही पद्धत चुकीची होती. आपला अभिप्राय आल्यापासून आम्ही ती थांबवली आहे, आणि ज्यांच्याकडे ती की गेली आहे त्या सर्वांना फोन करून त्यांच्या स्वतःच्या गूगल खात्यावरून नवी की काढून देत आहोत.

शेजाऱ्यांच्या पेटीतले ॲड-ऑन आम्ही का घातले नाही, ते आता सांगतो. कोडी 2002 च्या सुमारास एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी सुरू झाले, पुढे एक्सबीएमसी या नावाने ओळखले गेले आणि 2014 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. या सर्व काळात ते चित्रपट पुरवणारे नव्हे, तर चित्रपट लावणारे सॉफ्टवेअर राहिले आहे. आपल्या कपाटातल्या डीव्हीडी, हार्ड डिस्कवरचे लग्नाचे चित्रीकरण, घरातल्या संगणकावरची गाणी हे सगळे एका ठिकाणी मांडून दाखवणे हे त्याचे मूळ काम आहे. म्हणून ते नवे असताना रिकामेच असते. विकत घेताना ही गोष्ट आपल्याला स्पष्ट शब्दांत सांगितली गेली नसेल, तर आपली निराशा मी समजू शकतो.

बाहेरून व्हिडिओ आणण्याचे काम ॲड-ऑन करतात. ते शोधण्याचा सरळ मार्ग असा : मुख्य पडद्यावर ॲड-ऑन उघडावे, वरच्या बाजूला असलेले उघड्या पेटीचे चिन्ह निवडावे, रिपॉझिटरीतून इन्स्टॉल करण्याचा पर्याय घ्यावा आणि व्हिडिओ ॲड-ऑनची यादी पाहावी. इथे यूट्यूब, विमिओ, ट्विच यांसारखी ॲड-ऑन मिळतात, तसेच निरनिराळ्या देशांतील सार्वजनिक प्रसारकांचीही मिळतात. त्यांपैकी काही फक्त त्या त्या देशातूनच चालतात. प्रत्येकाच्या माहितीच्या पानावर ते कोणी लिहिले आणि कोणत्या आवृत्तीचे आहे हे दिसते, आणि इन्स्टॉल करण्याआधी ते वाचण्याची सवय ठेवावी असे मी सर्व ग्राहकांना सांगतो. 2021 मध्ये आलेल्या कोडी 19 ने ॲड-ऑन ज्या पायथन भाषेत लिहितात तिची आवृत्ती 2 सोडून आवृत्ती 3 स्वीकारली, तेव्हा लेखकांनी न सुधारलेली कितीतरी ॲड-ऑन एका रात्रीत बंद पडली. जुन्या व्हिडिओत पाहिलेले ॲड-ऑन आज यादीत न दिसण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

शेजाऱ्यांकडचे ॲड-ऑन या यादीत नाही. ते घालायचे तर अज्ञात स्रोतांना परवानगी द्यावी लागते. कोडी ती मुळात बंद ठेवते आणि देताना स्पष्ट इशाराही देते, कारण ॲड-ऑन म्हणजे आपल्या उपकरणावर चालणारा एक प्रोग्रामच असतो आणि उपकरणावरची माहिती त्याच्या हाती लागू शकते. ही भीती काल्पनिक नाही. 2018 मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले होते, की काही त्रयस्थ रिपॉझिटरींतून आलेली ॲड-ऑन विंडोज आणि लिनक्स संगणकांवर गुपचूप क्रिप्टोचलनाचे खाणकाम (मालकाच्या संगणकाची शक्ती वापरून डिजिटल नाणी मिळवणे) करत होती. आपली पेटीही लिनक्सवरच चालते, आणि ती आपल्या घराच्या त्याच वाय-फायवर आहे ज्यावर आपण बँकेचे व्यवहार करता.

कायद्याचा मुद्दाही आहेच. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 63 नुसार जाणीवपूर्वक उल्लंघन करणाऱ्याला आणि त्याला साहाय्य करणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. अशी ॲड-ऑन आधीच घालून ठेवलेल्या पेट्या विकणे हेदेखील उल्लंघन ठरू शकते, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2017 मध्ये दिला आहे. परंतु कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या लोकांनी पैसे व मेहनत घालून चित्रपट काढला त्यांचे काम मी माझ्या दुकानातून फुकट वाटणार नाही. यासाठी ग्राहक कमी झाले तरी चालतील.

पैसे भरून घेतलेल्या सेवांसाठी टीव्हीमधलीच ॲप वापरावीत, कारण त्यांच्या सुरक्षा-अटींमुळे रास्पबेरी पायवर त्या पूर्ण दर्जाच्या चित्रात दिसत नाहीत. मातोश्रींना कीर्तने आणि जुने कार्यक्रम आवडतात असे आपण लिहिले आहे. दूरदर्शन सह्याद्रीची यूट्यूब वाहिनी आणि त्यांच्या आवडीच्या इतर वाहिन्या कोडीच्या फेव्हरिट्समध्ये घालून ठेवता येतील, म्हणजे त्यांना काही टाइप करावे लागणार नाही.

1,500 रुपयांविषयी एवढेच, की कोडी विनामूल्य आहे आणि आम्ही त्याचे पैसे घेत नाही. ते आपल्या घरी येऊन बसवण्याचे आणि जुळवणीचे होते, व पावतीवर तसे लिहिले आहे. पण ज्या कामाचे घेतले ते काम नीट झाले नाही, म्हणून ही संपूर्ण रक्कम आणि इन्फ्रारेड रिमोटची किंमत आम्ही परत करत आहोत.

येत्या शनिवारी किंवा रविवारी, मातोश्रींच्या सोयीच्या वेळी, मी स्वतः तंत्रज्ञाबरोबर येईन. एचडीएमआयचा पोर्ट बदलणे, टीव्हीतली सीईसीची सेटिंग, बटणांची जुळवणी, फोनची परवानगी आणि आपल्या नावाची एपीआय की ही कामे एका भेटीत होतील. मातोश्री आपल्या खुर्चीत बसून, टीव्हीच्याच रिमोटने, कोणाच्या मदतीशिवाय दोन-तीन व्हिडिओ लावून आणि बंद करून पाहतील, त्यानंतरच आम्ही निघू.