‘दहा मिनिटांत रस्ता मोकळा करा’ म्हणणाऱ्यांसाठी

एक मेसेज सगळीकडे फिरतोय. अपघातात माणूस गेला की पोलीस उगाच तासन्तास रस्ता अडवतात, हल्ली सीसीटीव्ही आहे, गाडीत ब्लॅक बॉक्स आहे, मग चार फोटो काढा आणि ट्रॅफिक सोडा, मेलेला काय परत येणारे का. अडकून पडल्याचा वैताग मला कळतो, पण हे पटत नाही.

आधी फोटोंचं बघू. रस्त्यावरचे टायरचे काळे पट्टे ही वेगाची नोंद असते. कोरड्या सपाट डांबरावर चाकं लॉक होऊन गाडी २० मीटर घासत गेली आणि घर्षण, म्हणजे टायर रस्त्याला किती धरून राहतो तो आकडा, ०.७ धरलं, तर सुरुवातीचा वेग येतो ताशी साधारण ६० किमी, आणि तोही कमीत कमी, कारण पट्टा संपला तिथे गाडी थांबली नव्हती, ती माणसाला धडकली होती. तेच घर्षण ओल्या रस्त्यामुळे ०.४ असेल तर वेग येतो ४५. एवढा फरक पडतो म्हणून घर्षण तिथल्या तिथे, रस्ता तसाच असताना मोजावं लागतं. आणि पट्टा दिसत नाही म्हणजे ब्रेक मारलाच नाही असंही नाही हां, एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, गाडीचे डाग इतके फिके असतात की खाली वाकून तिरप्या उजेडात बघावे लागतात, ट्रॅफिक सोडलं की पहिले तेच पुसले जातात.

ब्लॅक बॉक्स म्हणतात त्यात बहुतेक वेळा धडकेआधीचे ५ सेकंद असतात, वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर वगैरे. सिग्नल लाल होता का, माणूस कुठून आला, यातलं त्याला काही माहीत नसतं. जुन्या गाड्यांत तर तो नसतोच.

सीसीटीव्हीचं घड्याळ बऱ्याचदा पुढेमागे असतं, आणि फुटेजवरून वेग काढायचा तरी रस्त्यावरच्या दोन खुणांमधलं अंतर जागेवर जाऊन मोजावंच लागतं.

‘गाड्या पटकन उचला’ याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. फिलामेंटवाला बल्ब चालू असताना धडक बसली तर आतली तापलेली तार ताणली जाते, बंद असेल तर थंड तार कडक असते, ती तशी ताणली जात नाही. म्हणजे रात्री हेडलाइट लावले होते का हे ती केसाएवढी तार सांगते, आणि कोणीतरी ‘चालतोय का बघू’ म्हणून बटण दाबलं की तो पुरावा खराब होऊ शकतो.

राहिलं ‘मेलेला परत येणारे का’. नाही येणार, पण ड्रायव्हर तर सांगतोच ना, अचानक आडवा आला, मी ब्रेक मारला होता. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली झुकतं आणि बंपर एरवीपेक्षा खाली लागतो, म्हणून पोस्टमॉर्टेममध्ये टाचेपासून नडगीच्या फ्रॅक्चरपर्यंतची उंची मोजतात आणि ती उभ्या गाडीच्या बंपरशी ताडून बघतात.