ओबडधोबड गरुडही अस्सल असतो

जुने लष्करी बिल्ले पारखण्यावरच्या लेखात म्हटलंय, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश सैनिकांच्या टोपीवरच्या गरुडाचं पीस न् पीस सुबक उठलेलं असेल तरच बिल्ला खरा. लंडनच्या जे. आर. गाँट कंपनीच्या बिल्ल्यांबाबत ठीक, पण सरसकट नाही. १९४१ मध्ये सोव्हिएत छावण्यांतून सुटलेल्या पोलिश लोकांचं जनरल आंडर्सनी सैन्य उभारलं, तेव्हा कित्येकांनी डब्याच्या पत्र्यातून गरुड कापले. पुढे मध्यपूर्वेत ते वाळूच्या साच्यात ओतले गेले. त्यांची पाठ खरखरीतच असायची. गरुडाच्या डोक्यावरच्या मुकुटाकडेही बघा. सोव्हिएत बाजूने लढलेल्या जनरल बर्लिंगच्या पोलिश सैन्याच्या गरुडाला मुकुट नाही. तो तुटलाय समजून कुणी भाव पाडून मागेल!

मी स्वतः एका विक्रेत्याकडून ‘गुळगुळीत झालेला जुना’ म्हणून एक घेतला आणि फसलो. अस्सलावरून साचा काढून पुन्हा ओतला की धातू आकसतो, नक्कल किंचित लहान भरते. माझा गरुड मित्राकडच्या खऱ्यापेक्षा दीड मिलिमीटरने कमी. तेव्हा भिंगाआधी कॅलिपर घ्या.

आम्ही कोल्हापूरकर, म्हणून हा नाद. आंडर्सच्या सैनिकांपैकी कित्येकांची बायका-मुलं १९४३ पासून इथल्या वळीवडेच्या निर्वासित छावणीत राहत होती.