मनगटावरचा आकडा आणि छातीतला दम

धावणाऱ्यांच्या ग्रुपांमध्ये सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: घड्याळ दाखवतं तो व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं त्याचा आकडा) म्हणजे तंदुरुस्तीचं पक्कं माप. ज्याचा आकडा मोठा, तो पुढे. हृदयाचे कमाल ठोके म्हणजे 220 वजा वय, त्यावर गेलात तर जिवाशी खेळ. आणि आकडा दर आठवड्याला बघत राहा, घसरला तर सराव चुकतोय. मला तो चौघांनी पाठवला. दोघांनी खाली विचारलं होतं, 'खरंय का हे?' मी धावणाऱ्यांच्या चाचण्या घेते, त्यामुळे उत्तर देणं भाग आहे.

पहिलं म्हणजे घड्याळ व्हीओटू मॅक्स मोजत नाही. ते अंदाज बांधतं. मोजायचं तर माणसाला ट्रेडमिलवर चढवून तोंडावर मास्क बांधावा लागतो आणि वेग किंवा चढ टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावा लागतो. शेवटच्या मिनिटाला मास्कच्या हनुवटीकडून लाळ ठिबकत असते, नजर समोरच्या भिंतीवर खिळलेली असते आणि एक हात नकळत दांडीकडे सरकू लागतो. तोवर यंत्र प्रत्येक श्वासातला प्राणवायू मोजत असतं. वेग वाढला तरी प्राणवायूचा वापर वाढत नाही असा टप्पा आला, की ती त्या माणसाची कमाल. ही कल्पना ए. व्ही. हिल आणि हार्टली लप्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी 1923 मध्ये मांडली. त्यासाठी हिल स्वतः पाठीवर पिशवी बांधून धावले आणि उच्छ्वास त्या पिशवीत गोळा केला. हिरव्या दिव्याने नाडी टिपणाऱ्या मनगटावरच्या घड्याळाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त वेग आणि नाडी कळते. 'एवढ्या वेगाला एवढे ठोके, मग कमाल ठोक्यांना किती?' असं गणित करून ते रेघ पुढे ओढतं. कधीकधी तर ते नाडीऐवजी पावलांचा ताल पकडतं आणि निवांत पळतानाही 170 ठोके दाखवून मोकळं होतं.

आता ते कमाल ठोके घड्याळाला कुठून कळले? तुम्ही स्वतः भरले नसतील, तर बहुतेक वेळा वयावरून. म्हणजे मजकुरातला पहिला मुद्दा तिसऱ्याच्या खांद्यावर उभा आहे, आणि तो खांदा भलताच कच्चा आहे. 220 वजा वय हे सूत्र साधारण 1971 च्या एका लेखापर्यंत मागे जातं. तिथे जुन्या अभ्यासांचे आकडे आलेखावर मांडून त्यांतून अंदाजाने रेघ ओढली होती, सूत्र शोधण्यासाठी खास अभ्यास झालाच नव्हता. 2001 मध्ये तनाका नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरेच अभ्यास एकत्र करून 208 वजा वयाच्या 0.7 पट असं सूत्र दिलं. चाळिशीला दोन्हींचं उत्तर 180 येतं, साठीला मात्र एक 160 म्हणतं आणि दुसरं 166. पण खरी अडचण सूत्र कुठलं ही नाहीच. एकाच वयाच्या माणसांत ठोक्यांचा फरक इतका असतो, की साधारण तिघांतला एक जण अंदाजापासून 10-12 ठोक्यांहून जास्त दूर असतो. सूत्र सरासरीचं, हृदय मात्र ज्याचं त्याचं.

माझंच उदाहरण घ्या. वय 42, सूत्राने 178. छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधून चढावर जीव तोडून धावले तेव्हा 191 दिसले. ताशी 10 किलोमीटरला माझे ठोके 160 असतात. घड्याळाच्या हिशोबी मी कमालीच्या 90 टक्क्यांवर धापा टाकतेय, प्रत्यक्षात 84 टक्क्यांवर गप्पा मारत चाललेय. घड्याळात 191 भरले आणि माझा व्हीओटू मॅक्स बसल्याजागी वाढला. पायातले बूटसुद्धा तेव्हा काढलेले होते.

राहिला जिवाचा धोका. छातीत दुखलं, चक्कर आली, ठोके मध्येच वेडेवाकडे पडू लागले तर थांबायचं आणि डॉक्टरांना गाठायचं, मग घड्याळ 140 दाखवो नाही तर 190. हृदयविकार असेल तर किती ठोक्यांपर्यंत जायचं ते डॉक्टर चाचणी घेऊन ठरवतात, वजाबाकी करून नव्हे.

'आकडा मोठा तो पुढे' हे मला सगळ्यांत जास्त खटकलं, कारण ते अर्धं खरं आहे. सोफ्यावर बसणारा, रोज चालणारा आणि मॅरेथॉन धावणारा अशा तिघांना रांगेत उभं केलं, तर क्रम बहुधा व्हीओटू मॅक्सप्रमाणेच लागेल. आकडा फार कमी असणाऱ्यांना आजारपणाचा आणि लवकर मृत्यूचा धोका जास्त असतो, हेही पक्कं दिसून आलंय. पण तयारीच्या धावपटूंना एकमेकांशेजारी उभं केलंत की हा आकडा मुका होतो. अमेरिकेचे दोन धावपटू घ्या: स्टीव्ह प्रीफाँटेनचा 84 च्या वर होता, फ्रँक शॉर्टरचा 71 च्या आसपास. 5,000 मीटरमधल्या दोघांच्या सर्वोत्तम वेळांत अंतर होतं ते पाचेक सेकंदांचं, आणि 1972 च्या ऑलिम्पिकमध्ये मॅरेथॉनचं सुवर्ण घेतलं ते शॉर्टरने. नॉर्वेचा सायकलपटू ऑस्कर स्वेन्डसेन याचा 2012 मध्ये, अठराव्या वर्षी, 96 च्या वर आल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी तो टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने चालवायच्या शर्यतीत, कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला, आणि 2014 मध्ये त्याने स्पर्धा सोडून दिल्या.

आणि ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ. 1992 ते 2003 अशी अकरा वर्षं तिच्या चाचण्या होत राहिल्या. व्हीओटू मॅक्स 70 च्या आसपासच राहिला. बदललं ते वेगळंच: त्याच वेगाला तिला सुमारे 15 टक्के कमी प्राणवायू पुरू लागला. 2003 मध्ये लंडनला तिने 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांचा विश्वविक्रम केला. टाकी तेवढीच राहिली, गाडीचं ॲव्हरेज सुधारलं. घड्याळाचा एकटा आकडा बघणाऱ्याने अकरा वर्षं 'प्रगती शून्य' असाच शेरा मारला असता.

शिवाय या आकड्याला वजनाने भागलेलं असतं: दर किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर प्राणवायू. मिनिटाला 3.2 लिटर प्राणवायू वापरणारा 80 किलोचा माणूस 40 वर असतो. तोच 76 किलोचा झाला की 42. हृदयाने, फुप्फुसाने काडीचंही जास्तीचं काम केलेलं नसतं.

दर आठवड्याला तपासायचं म्हणाल तर प्रयोगशाळेतली चाचणीसुद्धा त्याच माणसाला दोनदा तोच आकडा देत नाही, तीन-चार टक्के इकडेतिकडे होतंच. 45 च्या तीन टक्के म्हणजे जवळजवळ दीड. मग घड्याळात 45 चे 44 झाले म्हणून झोप उडवून काय मिळणार? ऊन वाढलं तरी त्याच वेगाला ठोके चढतात आणि घड्याळ बिनदिक्कत तुमचा आकडा खाली आणतं. मैदानी चाचण्याही यातून सुटत नाहीत. केनेथ कूपरच्या 1968 च्या बारा मिनिटांच्या चाचणीत 2,400 मीटर धावलात तर सूत्राने 42.4 येतात, 2,500 ला 44.6. सुरुवातीला उगाच सुसाट सुटून शेवटी चालावं लागलं, की ते 100 मीटर सहज जातात. 

एकदा एका संघाच्या बीप टेस्टला गेले होते. त्यात 20 मीटरवरच्या दोन खुणांमध्ये बीपच्या तालावर ये-जा करायची असते, आणि प्रत्येक पातळीला वेग वाढतो. सहा आठवड्यांत सगळी मुलं एकेक पातळी वर चढलेली, प्रशिक्षक खुशीत. मला शंका आली ती 'सगळी' या शब्दाची. खुणेचे कोन (प्लास्टिकचे शंकू) या वेळी पावलांनी मोजून ठेवले होते. टेप लावली तर 20 मीटरऐवजी 19 भरले. ताशी 12 किलोमीटरच्या पातळीला पाच टक्के म्हणजे ताशी 0.6 किलोमीटरची सूट, आणि पातळी वाढते ती 0.5 ने. मुलांची अख्खी प्रगती त्या एका मीटरमध्ये मावत होती. कोन सरकवून आठवड्याने पुन्हा चाचणी घेतली. तिघं खरोखरच सुधारले होते. बाकीचे सहा आठवड्यांपूर्वी होते तिथेच निघाले, आणि प्रशिक्षकाने पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलणं टाळलं.