तसं काही नाही हो डॉक्टर

दाताच्या दवाखान्यात पेशंटला गुंगी द्यायची का नाही हे ठरवायला मला बोलावतात. भूलतज्ज्ञ म्हटलं की लोकांना वाटतं सुई टोचली, पेशंट झोपला, पाकीट घेतलं आणि निघाली बाई. अहो सुईचं काही नाही, मिडाझोलम शिरेतून थोडं थोडं देत गेलं की चार-पाच मिनिटांत माणूस निवांत होतो, हाक मारली तर ओ देतो, पण अक्कलदाढ कोणाची निघतेय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. जीव जातो तो त्याच्या आधीच्या प्रश्नोत्तरांत.

"काही आजार?"
"तसं काही नाही हो डॉक्टर."
"बीपी?"
"छे."
"गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

मग शेजारच्या काकूंच्या पर्समधून प्लास्टिकची पिशवी निघते आणि टेल्मिसार्टनची स्ट्रिप टेबलावर येते. ही तर बीपीची गोळी म्हटलं की, "हो ना, ती घेतो म्हणून तर बीपी नाही!" याला काय उत्तर देणार. शुगर तर सगळ्यांची बॉर्डरलाच असते, दोन वेळा मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचीसुद्धा. आणि मी पेन बंद केलं की उठता उठता, "हां, हार्टमध्ये एक स्प्रिंग टाकलीये मागे, पण तिचा दाताशी काय संबंध?"

आमच्याकडे एएसए म्हणून प्रतवारी असते. ठणठणीत तो पहिला, आजार आहे पण ताब्यात आहे तो दुसरा, हे दोन साधारणपणे दाताच्या दवाखान्यात चालतात. तिसऱ्याला फिजिशियनचं पत्र आण, कधी सरळ मोठ्या हॉस्पिटलात ने. हे काका एका वाक्यात दुसऱ्यातून तिसऱ्यात गेले आणि वर मलाच विचारतायत, पास ना मी? सगळ्यांना वाटतं आपल्याला स्थळ म्हणून बघायला आलेत. निर्व्यसनी, निरोगी, स्वभावाने शांत. (नाडी बघावी तर 120.)

घोरण्याचा प्रश्न तर मी आता नवऱ्याला विचारतच नाही, बायकोकडे बघून विचारते. काका म्हणतात "कधीच नाही", काकू म्हणतात "वरच्या मजल्यावरून फोन येतो". मग मी टेप काढून गळ्याचा घेर मोजते, 40 सेंटीमीटरच्या वर गेला की माझे कान टवकारतात, कारण झोपेत ज्याचा श्वास अडकतो त्याला गुंगी दिली की जीभ मागे पडून तो अजूनच अडकतो. काकांना मात्र वाटतं बाई शर्ट शिवतायत.

पुढची पायरी, तोंड उघडा, जीभ बाहेर काढा, आवाज करू नका. झाडून सगळे "आऽऽ" करतात. घसा किती दिसतो यावरून श्वासनलिकेत नळी घालायची वेळ आलीच तर किती जड जाईल याचा अंदाज येतो, आणि ही तपासणी ज्यांच्या नावाने जगभर चालते ते मल्लमपाटी डॉक्टर आपले आंध्रचे, 1985 चा त्यांचा पेपर. पण त्यांच्या तपासणीला आधी तोंड तर उघडलं पाहिजे! आमच्याकडे कित्येकांचं दोन बोटांच्या वर उघडत नाही. गुटखा? "नाही हो डॉक्टर, कधीच नाही." बरोबरच आहे म्हणा, महाराष्ट्रात 2012 पासून बंदीच आहे, कोण कशाला खाईल.

सोबत कोण आलंय विचारलं की उत्तर येतं, "स्कूटी आणलीये." 24 तास गाडी चालवायची नाही, कुठे सह्या करायच्या नाहीत, घरी न्यायला धडधाकट माणूस हवा, हे फोनवर सांगितलेलं असतं. एका बाईंची त्याच संध्याकाळी सोसायटीची एजीएम होती आणि त्या सेक्रेटरी. म्हटलं या औषधाने नंतरचं काही आठवत नाही. तर म्हणाल्या, "तसंही तिथे काय ठरलं ते कोणाला आठवत नाही."

पेशंटच्या बोलण्यावर विसंबायचं नाही हे खरं तर आमच्या धंद्याला पहिल्यापासून माहीत असायला हवं होतं. 1845 मध्ये बोस्टनला होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने लाफिंग गॅस देऊन भर सभेत एकाचा दात काढला, तो गडी ओरडला, लोकांनी फसवणूक फसवणूक म्हणून वेल्सला हाकललं, आणि नंतर गडी म्हणतो, तसं फार काही दुखलं नाही. अरे मग ओरडलास कशाला!

परवा स्प्रिंगवाले काका परत आले, कार्डिऑलॉजिस्टचं पत्र घेऊन, सगळं छान. उपाशी आहात ना? एकदम उपाशी, फक्त चहा. आणि चहाबरोबर खारी. दुधाचा चहा म्हणजे खाणंच, सहा तास थांबावं लागतं, उलटी होऊन फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल, सगळं सांगितलं आणि पुढची तारीख दिली. काका फार हिरमुसले, म्हणून म्हटलं, कोरा चहा घ्या हवा तर, दोन तास आधीपर्यंत चालेल.

दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "आणि खारी नुसती खाल्ली, न बुडवता, तर?"